तहहयात

हडर्सफील्डला, रेल्वेच्या कमानीखाली आमचं दुकान.
वरून लीड्सची गाडी गेली की
भिंतीवर टांगलेले सगळे बेस गिटार
हात न लावता पुटपुटतात.
ऑल्विन दुरुस्त करतो. मी फॉर्म भरते.
'कंपनीची अधिकृत सेवा' असं दारावर लिहिलंय,
त्यातलं 'अधिकृत' म्हणजे मी.

सोमवारी शर्मेन पिनॉक आली,
बसचं तिकीट दातांत, पेटी दोन्ही हातांनी धरून.
पेटीच्या कप्प्यात एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची पावती,
पुदिन्याच्या तीन गोळ्या,
चर्चमधल्या कार्यक्रमाचा चतकोर कागद,
त्यावर पेन्सिलीनं:
दुसऱ्या कडव्यानंतर थांब. थांब म्हणजे थांब.

बेसची मान वाकली होती.
तारा इतक्या वर उचललेल्या
की खालून करंगळी जावी.
ऑल्विननं एक डोळा मिटून
बंदूक रोखावी तसं मानेवरून पाहिलं.
'आतला दांडा,' म्हणाला. 'चूक लाकडाची, माणसाची नाही.'
म्हणजे हमीत बसतं.

हमीपत्र मला पाठ आहे.
घाम, गंज, आपटणं, हवामान वगळून.
पडद्यांची झीज वगळून.
विमान कंपनीनं केलेलं काहीही वगळून.
मान मात्र तहहयात.
आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
हयात कोणाची ते.
मूळ खरेदीदाराची.

'एव्हरार्ड पिनॉक आपणच?'
सवयीनं विचारून गेले,
समोर बाई उभी आहे हेही न बघता.
'बाबा,' ती म्हणाली. 'फेब्रुवारीत.'

माझे बाबा किर्लोस्करवाडीला
दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात.
गेल्या खेपेला यंत्राला अंगठा पटेना,
लेथवर पस्तीस वर्षं घासलेला.
साहेब म्हणाले, उद्या या.
बाबा म्हणाले, आज आहे ते आज लिहून घ्या,
आणि बाकावर बसून राहिले
शटर अर्धं खाली येईपर्यंत.
हे शर्मेनला सांगावंसं वाटलं.
'हयातीचा दाखला' इंग्रजीत
नीट बसेना. राहिलं.

कंपनीला लिहिलं. दोन दिवसांत उत्तर, अगदी सभ्य.
आपल्या दुःखात सहभागी आहोत. तक्रार क्रमांक अमुक.
नव्या वाद्यावर पंधरा टक्के सूट.
तिला फोनवर वाचून दाखवताना
सूट मी गाळली.
ऑल्विननं खर्चाचा आकडा आधीच सांगितला होता,
चहा ओतता ओतता तो थोडा खाली आणला.

दांडा एकदम पिळायचा नसतो.
रोज पाव फेरा, कधी त्याहून कमी,
मग लाकडाला रात्रभर विचार करू द्यायचा.
मी येता-जाता बघायचे
केसाकेसानं सरळ होणारी मान.

अंगावर, जिथं उजवा हात टेकत असणार,
रंग उडून लाकूड उघडं पडलंय,
लहानशा होडीएवढं.
'इथं पॉलिश?' मी विचारलं.
ऑल्विन वर न बघता म्हणाला,
'झीज. ती आपल्यात येत नाही.'
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
'वगळून' हा शब्द मला बरा वाटला.

पुढच्या गुरुवारी त्यानं सगळ्यात जाड तार छेडली.
खर्ज.
कानाआधी पोटऱ्यांना कळला.
ताटलीतले स्क्रू एका कडेला सरकले.
शर्मेनला वाजवता येत नाही.
तिनं नुसता तळवा टेकवला,
होडीवर नाही, होडीच्या शेजारी.

आमच्या कामाची हमी नव्वद दिवस.
मालकाच्या नावाची ओळ रिकामी होती.
पेन टेकवून ती थांबली.
'नव्वद दिवस कोणाचे?'
'तुमचे,' मी म्हटलं,
आणि शिक्का दोनदा मारला.
पहिला फिका उठला होता.